कोणती बोटं?

मामूंच्या हातून कप सुटला तेव्हा आम्ही सगळे हसलो. ईदच्या दुसऱ्या दिवशीची दुपार होती. अणदूरच्या घरी पाहुणे जमले होते आणि मामू नेहमीप्रमाणे बाजारातला एक किस्सा रंगवून सांगत होते. चहा सतरंजीवर सांडला. कुणीतरी म्हणालं, "मामू बूढे हो गए." मामूही हसले. मामी मात्र हसल्या नाहीत. त्या फडकं घेऊन आल्या आणि पुसता पुसता हळूच म्हणाल्या, "इस हफ्ते का तीसरा कप है."

मी मामूंच्या हाताकडे पाहिलं. तळहातावर अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो, तो त्यांच्या डाव्या हाताला होता. उजव्या हाताला त्या जागी खळगा पडला होता. इतकी वर्षं ज्या हातातून मी ईदी घेतली, तो हात मी कधी नीट पाहिलाच नव्हता.

मला भीती वाटली. खरं सांगायचं तर ती मामूंसाठी नव्हती, आधी स्वतःसाठीच होती. गेले चार महिने माझ्याही उजव्या हाताची बोटं बधिर होत होती आणि मी ते घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

अणदूर हे तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं गाव. हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग 9 होता, आता 65 आहे. एका अंगाला नळदुर्ग, दुसऱ्या अंगाला चाळीसेक किलोमीटरवर सोलापूर. आमच्या गावात एका जागी बसून पोट भरणारे कमीच. गावचा खंडोबासुद्धा वर्षातले सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपुरात मुक्कामाला असतो. पौष पौर्णिमेला तिथं मोठी यात्रा भरते. मामूंचा वर्षातला सगळ्यात मोठा धंदा त्याच यात्रेत व्हायचा.

मामू कापडाचे फेरीवाले. सोलापुरातून चादरी, टॉवेल, लुंग्या आणि पोरांचे तयार कपडे उचलायचे, गाडीच्या मागं गठ्ठा बांधायचा आणि आठवडी बाजार करायचे. आज नळदुर्ग, उद्या जळकोट, परवा मुरूम, मग उमरगा. आधी त्यांच्याकडे राजदूत होती. टू-स्ट्रोक, फटफट आवाजाची. ती चालू झाली की आख्ख्या गल्लीला कळायचं. पुढं हिरो होंडाची सीडी 100 आली. ही गाडी देशात 1985 साली विकायला आली आणि तिच्या जाहिरातीचा भावार्थ असा होता की टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा. मामूंनी ती जाहिरात शब्दशः पाळली. गाडीच्या बाबतीत नव्हे. गाडीचं ऑइल ते वेळच्या वेळी बदलायचे, चेन स्वतः पुसायचे. विसरले ते हाताला.

मी सोलापुरात एका दुकानाचे हिशेब लिहितो. सकाळी चाळीस किलोमीटर, संध्याकाळी चाळीस. महिन्याला दोन हजार किलोमीटर होतात. एसटी आहे, पण दुकान बंद व्हायची वेळ आणि एसटीची वेळ यांचं कधी जमलं नाही.

सुरुवात मुंग्यांनी झाली. इटकळच्या पुढं गेलं की उजव्या हाताच्या बोटांत झिणझिण्या यायच्या. हात हवेत झटकला की जायच्या. मग त्या सोलापुरात पोचल्यावरही अर्धा तास राहू लागल्या. मग रात्री. पहाटे दोन-तीनच्या सुमारास जाग यायची ती हात जळल्यासारखा होऊन. उठून बसायचं, हात झटकायचा, परत झोपायचं. एके दिवशी नमाज झाल्यावर बोटांच्या पेरांवर तसबीह मोजत होतो, तर अंगठा पेरावर टेकलाय की नाही हेच कळेना. डोळ्यांनी बघून मोजावं लागलं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हे काहीतरी वेगळं आहे.

तरी गेलो नाही. कारण आमच्याकडे याला कुणी दुखणं म्हणतच नाही. अम्मीला सांगितलं असतं तर तिनं लसूण घालून तिळाचं तेल गरम केलं असतं. मित्रांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बुलेट घे, मग कळेल हात बधिर होणं काय असतं. मामूंना मी पूर्वी एकदा सहज विचारलंही होतं. ते म्हणाले होते, "गाडी चलाने वाले का हाथ सोताइच. सोने दे. घर पे आके उठता."

मग डिसेंबरातली ती संध्याकाळ आली. उसाचे दिवस. फुलवाडीच्या टोलनाक्याच्या अलीकडं अंधारात एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत चालला होता. मागं ना दिवा, ना लाल पट्टी. मला ती ट्रॉली उशिरा दिसली. पुढचा ब्रेक उजव्या हातात असतो. मी बोटं आवळली, पण ब्रेकचा दांडा किती दाबला गेलाय हे बोटांनी सांगितलंच नाही. मागच्या ब्रेकवर उभा राहिलो, गाडी घसटत कडेच्या मातीत गेली आणि थांबली. मला काही झालं नाही. उसाचं एक टिपरं हेल्मेटला घासून गेलं. दहा मिनिटं मी तिथंच उजवा हात काखेत धरून उभा होतो. घरी आल्यावर सांगितलं की पंक्चर झालं होतं.

त्यानंतर एका दवाखान्यात गेलो. तिथं दोन मिनिटांत ताकदीच्या गोळ्या आणि दुखणं थांबवायच्या गोळ्या लिहून मिळाल्या. मी काय काम करतो, कशावर फिरतो, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. गोळ्या संपल्या, मुंग्या राहिल्या.

ईदच्या दुसऱ्या दिवशी मामूंचा तो खळगा पाहिला आणि पुढच्याच आठवड्यात सोलापुरातल्या हाडांच्या एका डॉक्टरांपुढं जाऊन बसलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणती बोटं?"

मी म्हणालो, "सगळीच."

"सगळी नसतात. नीट आठवा. करंगळी बधिर होते?"

मी विचार केला. करंगळी कधीच झाली नव्हती. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची आतली अर्धी बाजू. एवढंच.

डॉक्टरांनी कागदावर हात काढून दाखवला. मनगटात पुढच्या बाजूला हाडांची एक पन्हाळी असते आणि तिच्यावर जाड पट्ट्याचं छत. या बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. तिचं नाव मीडियन नर्व्ह. दोऱ्यांवर सूज आली, मनगट सतत मागं दुमडलेलं राहिलं की बोगद्यातला दाब वाढतो आणि चेपते ती नस, कारण सगळ्यात मऊ तीच. या नसेकडे पहिली साडेतीन बोटं असतात. करंगळी आणि उरलेली अर्धी अनामिका दुसऱ्या नसेकडे, अल्नर नर्व्हकडे. ती तळहाताच्या करंगळीकडच्या कडेनं जाते. हँडलवर तळहाताच्या त्या कडेचा भार टाकून बसणाऱ्यांची ती चेपते. म्हणून बोटं विचारायची. कुठली बोटं, यावरून चूक कुठं होतेय ते कळतं.

मग त्यांनी माझ्या मनगटावर बोटानं टिचक्या मारल्या. मधल्या बोटात वीज गेल्यासारखं झालं. दोन्ही हातांचे पंजे एकमेकांना उलटे टेकवून, मनगटं दुमडून एक मिनिट धरायला सांगितलं. अर्ध्या मिनिटातच मुंग्या सुरू झाल्या. त्यांनी रक्तातली साखर आणि थायरॉइड तपासायला सांगितलं, कारण त्यांच्यामुळंही हेच होतं. माझं दोन्ही ठीक निघालं. नसेतून वीज सोडून तिचा वेग मोजायची तपासणीही झाली. नस दबली होती, मेली नव्हती.

"गाडी सोडा असं मी सांगणार नाही," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही सोडणार नाही. पण धरायची पद्धत बदला. आणि रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपा. सहा आठवडे."

धरायची पद्धत. मला ते तेव्हा किरकोळ वाटलं. मी तर गाडीला दोष देत होतो. पुढं यावर जे मिळेल ते वाचत गेलो, तेव्हा कळलं की ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी लिहून ठेवलीय.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात बेडफर्ड नावाचं गाव आहे. तिथं चुनखडीच्या दगडाच्या खाणी आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या पाथरवटांच्या हातात छिन्नी-हातोड्याऐवजी दाबाच्या हवेवर चालणारं हत्यार आलं. काम झपाट्यानं होऊ लागलं आणि थंडीच्या सकाळी माणसांची बोटं पांढरीफटक पडू लागली, बधिर होऊ लागली. 1918 साली डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन तिथं गेल्या आणि त्यांनी त्या माणसांचे हात तपासले. त्यांनी तीन कारणं मांडली: हत्याराची थरथर, थंडी, आणि हत्यार तासन्‌तास आवळून धरणं.

तिसरं कारण वाचून मी थांबलो. थरथर हत्याराची असते, पण ती हातात किती शिरणार हे मुठीवर असतं. सैल मुठीत ती तळव्यापाशीच बरीचशी विरते. आवळलेल्या मुठीत हात आणि हँडल एक होतात आणि थरथर मनगटातून वर चढते. शिवाय मूठ आवळली की दोऱ्या ताणतात आणि बोगद्यातला दाब वाढतो.

पुढं जपानमध्ये मोटारसायकलवर टपाल वाटणाऱ्या पोस्टमनच्या हातांचा अभ्यास झाला, वाहतूक पोलिसांच्या हातांचाही झाला. युरोपीय संघानं 2002 साली नियम केला. आठ तासांच्या कामात हाताला बसणारी थरथर 2.5 मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेली की मालकानं उपाय करायचे आणि 5 च्या वर ती जाऊच द्यायची नाही. मी हे वाचून मामूंचा विचार करत बसलो. मामूंचा मालक कोण? मामूच. त्यांच्या हाताची थरथर मोजायची कुणी?

मग मी गाडी घेऊन गावातल्या मिस्त्रीकडे गेलो. त्याला म्हणालो, हँडल झिणझिणतं. तो म्हणाला, इंजिन झिणझिणतंय की चाक, ते आधी सांगा. आणि ते ओळखायची युक्ती त्यानं सांगितली. मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागंपुढं कुणी नसताना, ज्या वेगाला थरथर जास्त त्या वेगाला जायचं, क्लच दाबायचा आणि ॲक्सिलेटर सोडायचा. गाडी त्याच वेगात पळत राहते, इंजिन मात्र शांत होतं. थरथर गेली तर ती इंजिनाची. राहिली तर चाकाची, टायरची, बेअरिंगची किंवा रस्त्याची. माझी गेली. पंचावन्नच्या आसपास सगळ्यात जास्त असायची आणि क्लच दाबला की जायची.

याचं कारणही सोपं आहे. माझ्या गाडीला एकच सिलिंडर. दट्ट्या वर-खाली पळतो. त्याला तोलायला क्रँकवर वजन दिलेलं असतं, पण ते वजन गोल फिरतं आणि दट्ट्या सरळ रेषेत पळतो. म्हणून हिशेब कधीच पूर्ण मिटत नाही. जो उरतो, तो फ्रेममधून हँडलपर्यंत येतो. इंजिन मिनिटाला 5000 फेरे घेत असेल तर सेकंदाला 83 धक्के. तासाभराच्या वाटेत तीन लाखांच्या घरात. हिशेबनीस माणूस असल्यामुळं हा आकडा मला दोन दिवस सुचू देईना. त्यात प्रत्येक हँडलची स्वतःची एक लय असते. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो उंच जातो, तसं एका ठरावीक वेगाला इंजिनाचे धक्के आणि हँडलची लय जुळते आणि थरथर एकदम वाढते. महागड्या गाड्यांत यासाठी इंजिनातच उलट तोल देणारा बॅलन्सर शाफ्ट बसवतात. रॉयल एनफिल्डनं 2020 च्या मीटिऑरपासून आपल्या 350 सीसीच्या नव्या इंजिनात तो दिला. आमच्या गाड्यांत त्याऐवजी हँडलच्या दोन्ही टोकांना लोखंडी वजनं असतात. ती शोभेसाठी आहेत असं मला वाटायचं. हँडल जड झालं की ते कमी थरथरतं आणि त्याची लय आपण नेहमी चालवतो त्या वेगापासून दूर सरकते, म्हणून ती असतात.

माझ्या उजव्या टोकाचं वजन नव्हतंच. पावसाळ्यात गाडी घसरून पडली तेव्हा निघालं असणार. तिथं नुसती ग्रीप होती. मिस्त्रीनं नवीन बसवलं, फार पैसे लागले नाहीत. इंजिन फ्रेमला धरून ठेवणारा एक फाउंडेशन बोल्ट ढिला होता, तो आवळला. चेन लोंबत होती, ती नेमकी ताणली. शेवटी हवा. माझ्या गाडीच्या पुस्तकात एकट्या माणसासाठी पुढं 25 आणि मागं 28 दिलीय. पंक्चरवाला सवयीनं दोन्हीकडं 40 भरायचा आणि मीही म्हणायचो, भर, मायलेज मिळतं. त्या दगडासारख्या टायरमधून रस्त्याचा प्रत्येक खडा मनगटात यायचा.

थरथर कमी झाली हे मला बोटांच्या आधी आरशानं सांगितलं. पूर्वी पंचावन्नला आरशातला मागचा ट्रक धूसर दिसायचा. मला वाटायचं आरसाच खराब आहे. आता ट्रकच्या कपाळावर रंगवलेलं नाव वाचता यायला लागलं. तुमच्या गाडीचंही असंच बघा. आरसा हँडललाच बसवलेला असतो, त्यामुळं तो धूसर झाला की हात थरथरतोय असं समजा.

तरी मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत. मग मी बाजारातून जाड स्पंजच्या ग्रीप आणल्या. त्या आधी बऱ्या वाटल्या, पण जाड दांडा धरायला मूठ आणखी आवळावी लागायची, त्यामुळं आठवड्यात काढल्या. कुणी सायकलची ट्यूब कापून गुंडाळायला सांगितली. तिचंही तेच झालं. हातमोजे घेतले. थंडीपासून ते नक्की वाचवतात आणि थंडी हेही एक कारण आहेच. पण माझे घट्ट होते, बोटांत रक्त फिरेना. एक नंबर मोठे घेतले तेव्हा ठीक झालं.

खरा फरक पडला तो शेजारच्या शेतकरी काकांच्या एका वाक्यानं. मी गल्लीत गाडीवर बसून हात बघत होतो. ते म्हणाले, "काय रं, बैलाचा कासरा असा आवळून धरत्यात व्हय? बैल बी बिथरतो अन्‌ हात बी जातो. कासरा हातात पाहिजे, मुठीत न्हाई."

त्यानंतर मी माझी मूठ पाहिली. मी हँडल धरत नव्हतो, हँडलला लटकत होतो. डब्याची पिशवी टाकीवर ठेवायची सवय होती. तिच्यामुळं मी सीटवर मागं सरकून बसायचो, हात ताठ आणि अंगाचा निम्मा भार तळव्यांवर. क्लच-ब्रेकचे दांडे वर बसवलेले होते, म्हणून मनगट सतत मागं दुमडलेलं. डबा मागं बांधला, पुढं सरकलो, गुडघ्यांनी टाकी धरली. मिस्त्रीकडून दांडे थोडे खाली फिरवून घेतले, इतके की कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत येईल. कोपर जरा वाकलेलं ठेवलं. आणि दर दोन-तीन किलोमीटरला स्वतःला विचारायची सवय लावली की मूठ सैल आहे का. नव्वद टक्के वेळा नसायची. भीतीनं, घाईनं, मागच्या ट्रकच्या हॉर्ननं ती आपोआप आवळते.

पंचावन्नऐवजी पन्नासनं जातो. घरी चार-पाच मिनिटं उशिरा पोचतो. इटकळला पाच मिनिटं थांबतो, हात खाली सोडतो, मुठी उघडतो-मिटतो. सहा आठवडे रात्री पट्टा बांधला. महिन्याभरात पहाटेची जाग थांबली. तीन महिन्यांनी पेरं मोजताना डोळे मिटता आले.

मग मी मामूंकडे गेलो.

ते ऐकायला तयार नव्हते. "हाथ सो गया करके कोई दवाखाने कू जाता क्या? लोगां हसेंगे." मी त्यांना फुलवाडीची गोष्ट सांगितली. घरात ती मी पहिल्यांदाच सांगत होतो. मामू गप्प झाले. मग म्हणाले, तीन वर्षांपूर्वी यात्रेत एका बाईला चादर मोजून देताना कात्री हातातून पडली होती, तिच्या पोराच्या पायाशी. त्या दिवसापासून कापायचं काम ते दुसऱ्याला सांगतात. यात्रेलाही मग ते गेले नाहीत. घरी सांगितलं होतं की धंद्यात आता राम राहिला नाही.

सोलापुरात त्याच डॉक्टरांनी त्यांना पाहिलं. साखर वाढलेली निघाली. ती किती वर्षांपासून होती कुणास ठाऊक. नसेची तपासणी केली, यंत्रावर रेघ जवळजवळ सपाट. मी विचारलं, हे मोटारसायकलमुळंच ना? डॉक्टर म्हणाले, "तसं मी लिहून देणार नाही. साखर आहे, वय आहे, कात्री आहे, गठ्ठे आवळणं आहे आणि हँडल आहे. सगळ्यांनी मिळून केलंय." मला त्यांचा हा प्रामाणिकपणा आवडला. गठ्ठ्याचंही त्यांनी बरोबर ओळखलं होतं. मागं एवढं वजन असलं की गाडीचं पुढचं चाक हलकं होतं, हँडल डुलतं आणि माणूस ते आणखी आवळून धरतो. तीस वर्षं मामूंनी असंच धरलं.

मनगटाचं ऑपरेशन झालं. फक्त हात बधिर करून, बोगद्यावरचं ते छत कापून नस मोकळी करतात. संध्याकाळी आम्ही घरी होतो. पहिल्याच आठवड्यात मामू रात्रभर झोपले. मामी म्हणाल्या, किती वर्षांनी झोपले हे मलाच आठवत नाही. पण अंगठ्याखालचा उंचवटा परत आला नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, नस मोकळी करता येते, वाळलेला स्नायू सहसा परत येत नाही. शर्टाचं वरचं बटण अजूनही मामी लावतात. कप ते डाव्या हातानं धरतात.

ते चार-पाच वर्षं आधी गेले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न आमच्या घरात कुणी मोठ्यानं विचारत नाही. पण मला तो रोज पडतो, कारण मी त्याच रस्त्यानं जातो. पूर्वी या रस्त्यावर मामूंसारखे फेरीवाले आणि दूधवाले असायचे. आता पाठीवर भली मोठी पिशवी घेतलेली पार्सलवाली पोरं असतात. वीस-बावीस वर्षांची. गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचं, हातही स्वतःचे. दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर. टपरीवर थांबली की एका हातात चहा धरतात आणि दुसरा हात झटकतात. ते झटकणं मी आता लांबून ओळखतो.

गेल्या महिन्यात मामू आणि मी अणदूरच्या फाट्यावर चहा प्यायला थांबलो होतो. असंच एक पोरगं आलं, गाडी लावली आणि उजवा हात दोन-तीनदा झटकला. मी काही बोलायच्या आत मामूंनी डाव्या हातातला कप बाकड्यावर ठेवला.

"इधर आ बेटा," ते म्हणाले. "कौनसी उंगलियां सोतीं?"

पोरगं हसलं. "सगळीच, चाचा."

"सगळी नसत्यात," मामू मराठीत म्हणाले आणि आपला उजवा हात उघडून त्याच्या पुढं धरला. "नीट आठव."